माशीच्या नाकाचा ठाव घेणारी व्हेरोनिका

काजूचा सीझन सुरू झाला की चोपड्यात काय, सगळ्या पेडण्यात काय, भाटीच्या आसपास बारीक चिलटं घोंगावू लागतात. बोंडू कुठे आंबलाय ते त्यांना वासावरून कळतं. हा वास माशीच्या मेंदूपर्यंत पोचतो तरी कसा, याचा शोध घेण्यात एका गोंयकार घरातल्या बाईने आपलं आयुष्य घातलं.

व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ सालचा, केनियातल्या नैरोबीचा. आईवडील मूळ गोव्याचे. पदवी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची. तिथे असताना ओबेद सिद्दिकी यांचं संशोधन वाचून त्यांनी थेट त्यांना पत्र घातलं आणि १९७७ च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. डब्लिनहून लोक लंडन-अमेरिका गाठतात. ही मुलगी कुलाब्याला आली!

सिद्दिकी तोवर जीवाणूंकडून फळमाशीकडे वळले होते. माश्यांच्या जनुकांत रसायनाने बदल घडवायचे आणि पुढच्या पिढीत चव किंवा वास न कळणाऱ्या माश्या निवडून काढायच्या, असं हे चिकाटीचं काम. गुरुशिष्येने १९७८ साली असे उत्परिवर्ती प्रकार जगापुढे मांडले. १९८१ साली व्हेरोनिकांना पीएचडी मिळाली. मग जर्मनीत ट्युबिंगेनला जाऊन, कुठल्या वासाने मेंदूचा कुठला भाग जागा होतो, याचा नकाशा काढला आणि परत मुंबईला आल्या.

मला त्यांचं यापुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. माशीच्या शृंगिकेवर चारशेहून जास्त सूक्ष्म केस असतात आणि त्यांच्या मुळाशी वास ओळखणाऱ्या चेतापेशी. 'अटोनल' हे जनुक बिघडलं तर यातला एक प्रकार तयारच होत नाही. 'लोझेंज' बिघडलं तर दुसरा गायब. म्हणजे नाक कोषातच, माशी बाहेर पडण्याआधी, जनुकांच्या हुकमाने घडतं. गंमत म्हणजे अटोनलचंच भाऊबंद जनुक उंदराच्या कानात ऐकणाऱ्या पेशी घडवतं. चिलटावर कशाला पैसे घालवायचे, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुढे त्या बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेल्या. कर्करोग जडला, तरी प्रयोगशाळा सुटली नाही. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्या वारल्या. तोच वास सारखा येत राहिला की माशी त्याला सरावते, ते मेंदूत कसं घडतं, यावरचा निबंध पुढच्या वर्षी छापून आला. लेखकांच्या यादीत त्यांचं नाव आहे.