पिएर झाने

पिएर झाने (३० मे १८५९ – २४ फेब्रुवारी १९४७) हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ व वैद्य होते. मानसिक आघाताची आठवण जाणिवेपासून विलग होते आणि रुग्णाच्या नकळत लक्षणांच्या रूपाने प्रकट होते, हा विचार त्यांनी रुग्णांच्या निरीक्षणातून मांडला. उपचारांत परत मिळालेल्या बालपणीच्या आठवणींवर किती विश्वास ठेवावा, या वादात त्यांच्या नोंदी आजही पुढे केल्या जातात.

जीवन

झाने यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. तत्त्वज्ञ पॉल झाने हे त्यांचे काका. तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेऊन ते ल हाव्र येथे शिक्षक झाले व तेथील रुग्णालयात उन्मादाच्या रुग्णांचा अभ्यास करू लागले. त्यावर आधारलेला प्रबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शार्को यांच्या पाठबळाने ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात आले, १८९३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली आणि १९०२ पासून कोलेज द फ्रान्स येथे प्राध्यापक होते.

मारीची नोंद

ल हाव्र येथील 'मारी' ही एकोणीस वर्षांची रुग्णा डाव्या डोळ्याने आंधळी होती. हे अंधत्व जन्मजात असल्याचे सांगितले जाई. संमोहनावस्थेत मात्र वेगळीच हकिकत पुढे आली. सहा वर्षांची असताना तिला एका मुलाशेजारी बळेच झोपवले होते आणि त्या मुलाच्या चेहऱ्याची डावी बाजू खपल्या धरलेल्या फोडांनी भरलेली होती. झाने यांनी तिला संमोहनातच त्या वयात परत नेले व तो मुलगा निरोगी, गोंडस असल्याची खात्री पटवली. तिने त्याला भीती न बाळगता कुरवाळले. त्यानंतर तिची दृष्टी परतली, असे ते नोंदवतात.

या नोंदीचे महत्त्व बऱ्याचदा केवळ बरे होण्यात पाहिले जाते. परंतु ज्या अवस्थेत आठवण सापडली त्याच अवस्थेत ती बदलताही आली, आणि बदललेली आठवण रुग्णेला खरीच वाटली. म्हणजे रुग्णाची खात्री वा लक्षणांचा उपशम हा आठवणीच्या सत्यतेचा पुरावा ठरत नाही.

स्मृतीविषयक विचार

आईच्या मृत्यूनंतर 'इरेन' या रुग्णेला त्या रात्रीचे काही सांगता येत नसे. झटक्यात मात्र तो सारा प्रसंग ती तासन्‌तास जशाच्या तसा करून दाखवी. यावरून झाने यांनी अशी पुनरावृत्ती आणि खरी स्मृती यांत भेद केला. त्यांच्या मते स्मरण ही एक कृती आहे. प्रसंग ऐकणाऱ्याला सांगता येईल अशा कथेत बसवणे, हे तिचे स्वरूप.

ब्रॉयर व फ्रॉइड यांनी त्यांच्या कार्याचा उल्लेख केला होता. फ्रॉइड यांनी १८९६ मध्ये उन्मादाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचे मांडले आणि पुढच्याच वर्षी खाजगी पत्रात त्यावर अविश्वास व्यक्त केला. १९१३ च्या लंडन येथील वैद्यक परिषदेत झाने यांनी मनोविश्लेषणावर टीका केली व आघातजन्य आठवणींच्या शोधाचे श्रेय स्वतःकडे घेतले. त्यानंतर मात्र त्यांचे नाव मागे पडले.

पुनर्शोध

हेन्री एलनबर्गर यांच्या १९७० मधील ग्रंथाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. १९८० नंतर अमेरिकेत विस्मृत अत्याचारांच्या आठवणींवरून आरोप व खटले होऊ लागले, तेव्हा आघाततज्ज्ञांनी झाने यांचा आधार घेतला. सूचनेने खोट्या आठवणी रुजवता येतात हे दाखवणारे प्रयोगही त्याच सुमारास झाले.

झाने यांच्या इच्छेनुसार त्यांच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची टिपणे मृत्यूनंतर जाळण्यात आली.