तांबेऱ्याचे कोडे

गव्हाची ओंबी भरू लागावी आणि त्याच सुमारास ताटांवर व पानांवर तांबड्या भुकटीचे फोड उठावेत, ही आपत्ती शेतकऱ्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रोमन लोक तर या रोगाच्या देवतेला दरवर्षी बळी अर्पण करीत. आपल्याकडे या रोगाला तांबेरा म्हणतात. तो शेतात येतो कोठून, या कोड्याचा उलगडा करणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे जर्मनीतील आंतोन द बारी.

द बारी यांचा जन्म 26 जानेवारी 1831 रोजी फ्रांकफुर्ट येथे झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. घरात दहा भावंडे होती. गावातील निसर्गप्रेमी मंडळींबरोबर रानात भटकताना लहानग्या आंतोनला वनस्पतींचा छंद जडला. वडिलांच्या मार्गाने जाऊन 1853 साली बर्लिन येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली खरी. परंतु त्याच वर्षी त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो माणसांच्या रोगांवर नव्हता. तो पिकांवरील तांबेरा व काणी यांवर होता. ग्रंथकाराचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

रोगट झाडाच्या बिघडलेल्या रसातून ही भुकटी आपोआप उत्पन्न होते, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. द बारी यांनी याच्या नेमके उलट प्रतिपादन केले. भुकटी हा रोगाचा परिणाम नसून ते कवकाचे, म्हणजे बुरशीचे, बीजाणू आहेत आणि ते कवक हेच रोगाचे कारण आहे, असे त्यांचे मत होते. वैद्यकी लवकरच सुटली. 1855 पासून फ्रायबुर्ग येथे ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पुढे बटाट्याच्या करप्याचे मूळही एका कवकातच आहे, हे त्यांनी 1861 साली प्रयोगाने दाखवून दिले. याच करप्याने 1845 नंतर आयर्लंडमध्ये भयंकर दुष्काळ पाडला होता.

तांबेऱ्याचे कोडे मात्र अधिक अवघड होते. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्याचे बीजाणू एका प्रकारचे दिसत नसत. उन्हाळ्यातील बीजाणू तांबूस, लांबट गोल व बारीक काट्यांचे. एका मिलिमीटरात असे तीसएक सहज ओळीने मावतील. हंगामाच्या अखेरीस त्याच ताटांवर काळे, जाड कवचाचे, दोन कप्प्यांचे बीजाणू दिसत. हे काळे बीजाणू हिवाळाभर निजून राहत आणि वसंतात त्यांना अंकुर फुटून अगदी लहान, नाजूक बीजाणू निर्माण होत. द बारी यांनी हे नाजूक बीजाणू धान्याच्या कोवळ्या पानांवर ठेवून पाहिले. पाने निरोगीच राहिली!

मग हे बीजाणू रुजतात तरी कोठे? युरोपातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत असत, की शेताच्या बांधावर बार्बेरीचे झुडूप असले की गव्हाला तांबेरा लागतो. बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीच्या कुळातले काटेरी झुडूप. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने तर ही झुडुपे तोडण्यासाठी 1726 मध्येच कायदा केला होता. बहुतेक पंडितांना ही समजूत भाबडी वाटे. कारण बार्बेरीच्या पानांवर वाढणारे नारिंगी पेल्यांसारखे कवक आणि गव्हाचा तांबेरा यांत काहीच साम्य दिसत नव्हते. द बारी यांनी ही समजूत निमूटपणे स्वीकारली नाही आणि हसण्यावारीही नेली नाही. वसंतातले ते नाजूक बीजाणू त्यांनी बार्बेरीच्या पानांवर पेरले. बीजाणूंचे तंतू पानाची त्वचा भेदून आत शिरले आणि काही दिवसांनी पानांवर तेच नारिंगी पेले उगवले. नंतर पेल्यांतील बीजाणू त्यांनी राय या धान्याच्या पानांवर ठेवले, तेव्हा तेथे तांबड्या भुकटीचे फोड उठले. 1865 साली चक्र पुरे झाले. कवक एकच होते. त्याची घरे मात्र दोन होती.

पुढे हाले व 1872 पासून स्ट्रासबर्ग येथे त्यांनी अध्यापन केले. रशिया, इंग्लंड, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी त्यांच्या प्रयोगशाळेत येत. आपल्या मसाल्यातील दगडफूल ही एक वनस्पती नसून कवक व शैवल यांची जोडी असते. अशा सहजीवनाला शास्त्रात जे नाव रूढ झाले, तेही द बारी यांनीच 1879 साली प्रचारात आणले. 19 जानेवारी 1888 रोजी स्ट्रासबर्ग येथे त्यांचा अंत झाला. वयाची सत्तावन्न वर्षे पुरी होण्यास एकच आठवडा उरला होता.

त्यांच्या शोधाच्या आधारे अमेरिकेत 1918 पासून बार्बेरीची कोट्यवधी झुडुपे उपटून टाकण्यात आली. भारतात मात्र तांबेऱ्याची वाट निराळी निघाली. आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षे बीजाणू तपासून असे दाखवले, की मैदानातील कडक उन्हाळ्यात हे तांबडे बीजाणू मरतात. थंड डोंगराळ प्रदेशातील गव्हावर ते टिकून राहतात आणि हंगामात वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतात.