लेखणीची उपासना : पंडित माधवराव सप्रे

रायपुरात शिकलेल्या आणि रायपुरातच देह ठेवलेल्या थोर पुरुषांमध्ये पंडित माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी आहे. हिंदी पत्रकारितेचे एक आद्य शिल्पकार म्हणून देश त्यांना ओळखतो. त्यांची मातृभाषा मराठी होती, हे मात्र अनेकांच्या ध्यानी नसते. त्यांच्या चरित्रातील एक पर्व लेखनाची हौस असणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. थांबलेली लेखणी पुन्हा चालती कशी होते, हे त्या पर्वातून कळते.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. आरंभीचे शिक्षण बिलासपूरला व पुढचे रायपूरला झाले. येथील शिक्षक नंदलाल दुबे यांनी त्यांना हिंदी साहित्याची गोडी लावली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले. सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना त्यांनी पेंड्रा येथे राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले आणि त्या मिळकतीच्या बळावर मासिक काढण्याचा संकल्प केला.

जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ निघाले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. तिघांची घरची भाषा मराठी, पण मासिक हिंदी. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही माधवरावांची कथा १९०१ मध्ये याच मासिकात आली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. तोटा सोसत तीन वर्षे चाललेले मासिक १९०२ च्या अखेरीस बंद पडले, तरी माधवरावांचे लेखन खंडले नाही. १९०६ मध्ये त्यांनी नागपुरात ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली व १३ एप्रिल १९०७ पासून लोकमान्यांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणारे ‘हिंदी केसरी’ साप्ताहिक काढले.

खरी परीक्षा पुढेच होती. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये माधवरावांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले. माफीपत्रावर सही करून ते तुरुंगाबाहेर आले. निंदेचे शब्द त्यांच्या वाट्याला आलेच. त्याहून तीव्र पश्चात्ताप त्यांच्या स्वतःच्या मनात होता. इतरांना निर्भयतेचा उपदेश करणाऱ्या संपादकाने आता कोणत्या तोंडाने लिहावे?

त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. वर्ध्याजवळील हनुमानगडावर रामदासी सत्पुरुषांच्या सान्निध्यात ते राहिले, मधुकरी मागून उदरनिर्वाह करू लागले आणि दासबोधाच्या पारायणात रमले. याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षर वाटोळे व सरळ कसे असावे, समास कसा सोडावा, कागद, शाई व लेखणी कशी सिद्ध करावी, हे तेथे सांगितले आहे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत हात एकसारखा चालावा, अशी समर्थांची अपेक्षा आहे. लेखनाला त्यांनी नित्याच्या उपासनेचेच स्थान दिले आहे.

माधवरावांची लेखणी पुन्हा चालू झाली ती याच वाटेने. ज्या ग्रंथाने त्यांना सावरले, त्याचाच त्यांनी हिंदी अनुवाद केला. अनुवादकाला स्वतःचे मोठेपण मिरवायचे नसते. समोरच्या पानाशी प्रामाणिक राहून आजच्या ओव्या आज उतरवाव्या लागतात. इतर लेखनही ते टोपणनावांनी करीत. नाव मागे राहिले आणि काम पुढे गेले.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने वह्यांवर लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद माधवरावांनीच केला. ज्यांनी शिक्षा पूर्ण भोगली, त्यांचा कर्मयोग माफी लिहून सुटलेल्या शिष्याच्या लेखणीतून हिंदी प्रांतांत पोहोचला. याहून समर्पक प्रायश्चित्त कोणते असणार! चिंतामणराव वैद्य यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनीच हिंदीत नेला.

१९१२ मध्ये त्यांनी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा स्थापन केली. १९२० मध्ये जबलपूरला ‘कर्मवीर’ सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. संपादकपद मात्र माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे गेले. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले.

रायपुरातील सप्रे शाळा आजही त्यांचे नाव धारण करून उभी आहे. तिच्यावरून जाताना आपल्या विद्यार्थ्यांनी आठवावे, की या पुरुषाचे मासिक बंद पडले, साप्ताहिक सुटले, मानही काही काळ खाली गेली. तरीही कोरा कागद पुढे ओढून, दुसऱ्याच्या ग्रंथातील एक ओवी नीट उतरवण्यापासून त्यांनी पुन्हा आरंभ केला. ज्याला स्वतःचे काही सुचत नाही, त्याने निदान एवढे आज सायंकाळी करून पाहावे.