जत्रेतला डॉक्टर

डॉक्टर म्हटला की दाराबाहेर पदव्यांची पाटी हवी, अशी आपली समजूत असते. मी ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहे त्यांच्या पदवीचा शोध अभ्यासकांनी पुष्कळ घेतला. ती सापडली नाही. तरीही अपुऱ्या दिवसांच्या हजारो मुलांना त्यांनी मरणाच्या दारातून परत आणले. त्यांचे नाव मार्टिन कूनी.

जन्म १८६९ चा, तेव्हाच्या प्रशियातील व आजच्या पोलंडमधील क्रोटोशिन गावी, ज्यू कुटुंबात. मूळ नाव मायकेल कोन. १८८८ मध्ये ते अमेरिकेत आले. आपण पॅरिसचे विख्यात प्रसूतितज्ज्ञ पिअर ब्यूदँ यांचे शिष्य, असे ते पुढे सर्वांना सांगत. १९१० च्या शिरगणतीत मात्र त्यांचा धंदा शस्त्रक्रियेची उपकरणे असा नोंदलेला आहे. शिष्यत्वाची कथा बरीचशी रचलेली असावी, असे मला वाटते. असो.

उबवणीपेटी कूनींनी शोधलेली नव्हे. कोंबडीची अंडी उबवणारे यंत्र पाहून पॅरिसच्या स्तेफान तार्निए यांना ती सुचली आणि १८८१ च्या सुमारास ती तेथील प्रसूतिगृहात वापरात आली. दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर उतरले. इतका उघड पुरावा असूनही अमेरिकेतील बहुतेक डॉक्टरांनी तिकडे पाठ फिरविली. खर्च हे एक कारण होतेच. एकेका मुलामागे रात्रंदिवस परिचारिका हवी. परंतु खरी अडचण मनाची होती. असे मूल जगणारच नाही, आणि जगले तरी दुबळेच राहील, ही धारणा पक्की होती. तो सुप्रजननशास्त्राच्या बोलबाल्याचा काळ. १९१५ मध्ये शिकागोच्या हॅरी हैझेल्डन या शल्यचिकित्सकाने व्यंग असलेल्या एका नवजात अर्भकावर शस्त्रक्रिया करण्याचे नाकारले, ते मूल मरू दिले आणि त्याचे जाहीर समर्थन केले. ते बालक अपुऱ्या दिवसांचे नव्हते. पण त्या काळाची हवा कोणती होती हे यावरून कळते.

रुग्णालये दारे उघडीनात, तेव्हा कूनींनी जत्रेची वाट धरली. १८९८ मध्ये ओमाहा, १९०१ मध्ये बफेलो आणि १९०३ पासून न्यूयॉर्कजवळचे कोनी आयलंड. आपल्या जत्रेत मौत का कुआँ असतो ना, तशा खेळांच्या शेजारी कूनींचे दालन! काचेच्या पेट्यांत दोन-तीन पौंडांची जिवंत मुले, बाहेर ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा माणूस, आणि तिकीट पंचवीस सेंट. आत मात्र रुग्णालयाला लाजवील अशी स्वच्छता. गाळलेली हवा, पगारी दूधआया, निष्णात परिचारिका. मूल किती लहान आहे हे दाखविण्यासाठी परिचारिका आपली अंगठी त्याच्या मनगटात सहज सरकवीत असे. एका मुलाचा दिवसाचा खर्च सुमारे पंधरा डॉलर. आईबापांकडून मात्र एक पैही नाही. मूल गोरे की काळे, हेही कोणी पाहत नसे. १९०७ मध्ये त्यांची स्वतःची मुलगी हिल्डेगार्ड अपुऱ्या दिवसांची जन्मली; मोठेपणी ती तेथेच परिचारिका झाली.

टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने १८९८ मध्येच अशा प्रदर्शनांवर कोरडे ओढले. १९०४ मध्ये सेंट लुईसला दुसऱ्याच लोकांनी असे दालन चालविले आणि तेथे अनेक मुले दगावली. १९११ मध्ये कोनी आयलंडच्या ड्रीमलँडला आग लागली. कूनींची मुले सुखरूप बाहेर निघाली, पण अशा जागी ती असावीत काय, हा प्रश्न उरतोच. दुबळ्या जिवाचा तमाशा मांडून पैसा मिळवावा हे मनाला रुचत नाही. पण ज्या सभ्य डॉक्टरांनी नाक मुरडले त्यांच्या हाती त्या मुलांसाठी दुसरे काय होते? त्यांच्यापैकीच काही जण आपले रुग्ण गुपचूप कूनींकडे पाठवू लागले.

शिकागोचे बालरोगतज्ज्ञ ज्यूलियस हेस यांनी उघड मैत्री केली. त्यांनी १९२२ मध्ये अशा मुलांसाठी रुग्णालयात विभाग काढला आणि त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथात कूनींचे ऋण मानले. १९३३-३४ च्या शिकागो प्रदर्शनात दोघे एकत्र होते. १९३४ च्या जुलैत, आदल्या वर्षी वाचलेल्या मुलांचा त्यांच्या आयांसह तेथे मेळावाच भरला. मुलगा किंवा मुलगी जगणारच नाही असे सांगून ज्यांना घरी पाठविले होते, त्या आया!

आज प्रश्न आणखी अलीकडे सरकला आहे. जपानने १९९१ मध्ये जगू शकण्याची मर्यादा २४ वरून २२ आठवड्यांवर आणली. अन्यत्र तितक्या दिवसांच्या मुलावर उपचार करावेत की नाही, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. अशा मुलांना होऊ शकणाऱ्या कायमच्या अपंगत्वाची भीती खोटी नाही. म्हणून या वादात कूनींना सरसकट साक्षीला ओढणे मला पटत नाही. त्यांची बहुतेक मुले याहून मोठी होती.

१९३९-४० च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात त्यांना मोठी खोट आली. आपण सुमारे आठ हजार मुले सांभाळली आणि साडेसहा हजार वाचविली, असा त्यांचा हिशोब. न्यूयॉर्कमधील कॉर्नेलच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा विभाग निघाला, तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी कोनी आयलंडचे दालन बंद केले. १ मार्च १९५० रोजी ते वारले. हाती पैसा फारसा उरला नव्हता.