शब्दांची टांकसाळ : डॉ. रघुवीर

भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रांताचा आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता. वैनगंगेच्या काठचा, तळ्यांचा आणि धानाचा हा मुलूख मराठी बोलणारा. त्याची राजधानी नागपूर, पण प्रांत मात्र दुभाषी होता. महाकोशल आणि छत्तीसगडची हिंदी, विदर्भाची मराठी आणि या दोहोंच्या डोक्यावर साहेबाची इंग्रजी, अशी तिथली राज्यकारभाराची उतरंड होती. इंग्रज गेल्यावर तहसील कचेरीतल्या अर्जात, न्यायालयाच्या निकालात आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात कोणते शब्द यावेत, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्याची कामगिरी ज्या विद्वानाकडे आली तो ना मराठी होता, ना महाकोशलचा. तो रावळपिंडीचा पंजाबी होता. त्याचे नाव आचार्य डॉ. रघुवीर.

रघुवीरांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडीत झाला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून एम. ए. झाल्यावर त्यांनी लंडनमधून पीएच. डी. आणि हॉलंडमधून डी. लिट. मिळवली. परत आल्यावर लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात ते संस्कृतचे विभागप्रमुख झाले. युरोपातल्या पाठचिकित्सेची शिस्त आणि घरच्या परंपरेचा जिव्हाळा या दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र आल्या होत्या. महाराष्ट्राशी त्यांचा पहिला मोठा संबंध आला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरामुळे. या संस्थेने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतील विराटपर्वाचे संपादन रघुवीरांनी केले आणि ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. देशभरच्या हस्तलिखितांतून पाठ जुळवण्याचे हे काम अत्यंत चिकाटीचे होते. याच सुमारास त्यांनी अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची संहिताही संपादित केली.

अथर्ववेद हा मंत्रतंत्रांचा वेद म्हणून ओळखला जातो. पण भारतीयांच्या शरीरज्ञानाचा एक अतिशय जुना दस्तऐवजही त्यातच आहे. दहाव्या कांडातील एका सूक्तात माणसाच्या टाचेपासून कवटीपर्यंतचे अवयव एकेक करून घेतले आहेत आणि ते कोणी घडवले, असे विचारले आहे. त्यात घोटे आहेत, गुडघे आहेत, मान आहे आणि ‘उरस्’ म्हणजे छातीही आहे. पुढे आयुर्वेदाच्या संहितांनी हाडांची गणती मांडली. चरकाने शरीरात ३६० हाडे मोजली, तर सुश्रुताने ३००. छातीच्या हाडांबाबतही दोघांत अंतर आहे. चरकाच्या मते ती १४ आणि सुश्रुताच्या मते ८. आजचे शरीरशास्त्र प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी एकच चपटे, लांबट हाड मानते आणि त्याचे तीन भाग करते. जुन्यांची गणती आजच्या गणतीशी जुळत नाही, पण अवयवांना नावे देण्याची परंपरा या भूमीत किती जुनी आहे, हे त्यातून दिसते. रघुवीरांचा सारा खटाटोप या एका जाणिवेवर उभा होता.

लाहोरात त्यांनी ‘सरस्वती विहार’ ही संस्था उभारली होती आणि ‘इंग्रजी-भारतीय’ महाकोशाचे काम तिथेच सुरू झाले होते. कोशाच्या नावातला ‘भारतीय’ हा शब्द हेतुपूर्वक घातलेला होता. केवळ हिंदीपुरता नव्हे, तर मराठी, बंगाली, कन्नड अशा सर्वच भाषांना चालेल असा एक सामाईक शास्त्रीय शब्दसंग्रह त्यांना हवा होता. फाळणीच्या उंबरठ्यावर संस्था नागपूरला आली. मध्य प्रांताचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांना राज्यकारभार देशी भाषांतून चालवायचा होता. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना एकाच वेळी उपयोगी पडेल अशी परिभाषा त्यांना पाहिजे होती. रघुवीरांची कल्पना आणि शुक्लांची गरज यांची गाठ पडली आणि नागपूर ही पुढची काही वर्षे शब्दांची टांकसाळ बनली.

पद्धत काय होती?

रघुवीरांची पद्धत ऐकायला सोपी होती. संस्कृतचे ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय हे त्यांचे भांडवल. यांच्या संयोगातून लाखो शब्द घडू शकतात, असा त्यांचा हिशेब होता. इंग्रजी शब्द उसना घेतला तर तो एकटाच येतो, त्याचे कुटुंब मागेच राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘लॉ’ घेतला तर त्यापासून देशी भाषेत पुढे काही निपजत नाही. मात्र ‘विधि’ घेतला की विधान, विधायक, विधेयक, वैध, अवैध अशी अख्खी वंशावळ पाठोपाठ उभी राहते. आज विधानसभेत विधेयक मांडले गेल्याची बातमी वाचताना या शब्दांसाठी कधी काळी भांडावे लागले असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

शरीरशास्त्रात तर या पद्धतीला विशेष वाव होता. छातीच्या हाडाचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजी वैद्यकात त्याला ‘स्टर्नम’ म्हणतात. हा शब्द ग्रीक ‘स्टर्नॉन’वरून आला असून त्याचा अर्थ छाती असा आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध पसरणे या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात. त्याच धातूपासून संस्कृतात ‘स्तृ’ आला आणि त्यातून मराठीला विस्तार व विस्तीर्ण हे शब्द मिळाले. म्हणजे परका वाटणारा ‘स्टर्नम’ आणि घरचा ‘विस्तीर्ण’ हे मुळात दूरचे भाऊबंदच आहेत. या हाडाच्या तीन भागांची नावे पाश्चात्त्यांनी तलवारीवरून घेतली. वरचा भाग ‘मॅन्युब्रियम’, म्हणजे लॅटिनमध्ये मूठ. मधल्या भागाचे जुने नाव ‘ग्लॅडिओलस’, म्हणजे छोटी तलवार. खालचे टोक ‘झायफॉइड’, म्हणजे ग्रीकमध्ये तलवारीसारखे. दुसऱ्या शतकातल्या गेलनने या हाडाचे सात भाग सांगितले होते. ते माकडासारख्या प्राण्यांच्या शवविच्छेदनावरून आले होते. ही चूक दाखवून देऊन माणसाच्या हाडाचे तीनच भाग मांडायला १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा ग्रंथ यावा लागला. शब्द मात्र तलवारीचेच राहिले.

भारतात या हाडाला एकच नाव नव्हते. कविराज गणनाथ सेन यांनी कोलकात्यातून १९१३ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथामुळे ‘उरःफलक’ हे नाव आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात रूढ झाले. फलक म्हणजे फळी. पाश्चात्त्यांना ज्यात तलवार दिसली, त्यात इथल्या पंडिताला फळी दिसली. मराठी आणि हिंदीच्या शास्त्रीय लेखनात पुढे ‘उरोस्थी’ हा शब्द रुळला. उरस् अधिक अस्थी, म्हणजे उराचे हाड. ते ठाऊक असले की बाकीचे आपोआप उमगते. हा शब्द रघुवीरांच्या टांकसाळीतला म्हणता येणार नाही, पण त्यांचे व्याकरण नेमके याच चालीने चालते.

आणि ‘उरस्’ मराठीला परका तरी कुठे आहे? उरग म्हणजे उरावर सरपटणारा, म्हणून साप. औरस म्हणजे स्वतःच्या उरातून जन्मलेला, म्हणून हक्काचे अपत्य. संस्कृत न शिकलेल्या माणसाचाही आनंदाने ऊर भरून येतो, दुःखात तो ऊर बडवतो, नको ते काम त्याच्या उरावर बसते आणि जिवलग भेटला की दोघे उराउरी भेटतात. भंडाऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत हा शब्द जिवंत आहे. रघुवीरांचा पक्ष ज्या ठिकाणी सर्वांत बळकट होता, ते ठिकाण हेच. संस्कृत शब्द अवघड असतो असे म्हणणारे स्वतःच्याच बोलीत तो रोज वापरत होते.

विरोध आणि मर्यादा

मात्र प्रत्येक शब्दाच्या नशिबी असा ऊर नव्हता. रसायनशास्त्रात रघुवीरांनी ऑक्सिजनला ‘जारक’, नायट्रोजनला ‘भूयाति’ आणि कार्बनला ‘प्रांगार’ अशी नावे दिली. ती व्याकरणाला धरून होती, पण त्यांना बोलीचा आधार नव्हता. मराठीत ऑक्सिजनला प्राणवायू हा शब्द आधीच रुजला होता. तो सोडून ‘जारक’ कशासाठी घ्यावा, हे कोणालाही पटवून देणे कठीण होते. शिवाय मराठीची परिभाषेची वाट काही कोरी नव्हती. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापला होता, सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ होती आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हिंदी आणि मराठीला एकच साचा लावताना प्रत्येक भाषेत आधी घडलेले काम बाजूला पडण्याचा धोका होता. बरगडीची ‘पर्शुका’ आणि मणक्याची ‘कशेरुका’ होताना पुस्तक नेमके होते, हे खरे. पण शिकणाऱ्या मुलाला आपलीच बरगडी ओळखू येत नाही, हेही तितकेच खरे.

टीकाकारांनी रघुवीरांची यथेच्छ टवाळी केली. रेल्वेसाठी ‘लोहपथगामिनी’सारखे लांबलचक शब्द त्यांच्या नावावर खपवून विनोद रचले गेले. ती थट्टा त्यांच्या नावाला कायमची चिकटली आणि खऱ्या कामाकडे पाहण्याची गरज अनेकांना वाटेनाशी झाली. खरा दुरावा मात्र वेगळाच होता. ज्या नागपुरात ते शरीराच्या अवयवांपासून पक्ष्यांपर्यंत सर्वांना देशी नावे देत होते, त्याच नागपुरात १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तिथले शिक्षण इंग्रजीतूनच होत राहिले. शब्द तयार होते, पण ते बोलणारा डॉक्टर तयार होत नव्हता. वापराशिवाय शब्द रुळत नाही आणि रुळल्याशिवाय तो वापरात येत नाही, या पेचातून त्यांच्या परिभाषेची सुटका झाली नाही.

पक्ष्यांच्या नावांचे त्यांचे काम आजही वाचनीय आहे. भारतीय पक्ष्यांच्या संस्कृत नामावलीचा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये निघाला. भंडारा-गोंदियाच्या धानशेतीत आजही तुरळक दिसणारा सारस हा इंग्रजीतही ‘सारस’च आहे, कारण इंग्रजीने हे नाव इथूनच उचलले. देण्याघेण्याचा व्यवहार एकतर्फी नसतो, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

राजकारण आणि अखेर

रघुवीर मध्य प्रांतातून संविधान सभेवर गेले. सप्टेंबर १९४९ मध्ये राजभाषेचा प्रश्न तिथे ऐरणीवर आला, तेव्हा ते हिंदी आणि नागरीच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. हिंदीने शब्दसंपत्तीसाठी प्रामुख्याने संस्कृतचा आधार घ्यावा, हे तत्त्व पुढे घटनेच्या ३५१व्या अनुच्छेदात आले. १९५२ पासून दहा वर्षे ते राज्यसभेत होते. १९५५ मध्ये त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश नागपुरातून प्रसिद्ध झाला. त्यांनी घडवलेल्या संज्ञांची संख्या दीड लाखाच्या घरात सांगितली जाते. त्याच वर्षी ते चीनमध्ये गेले आणि बौद्ध वाङ्मयाची मोठी सामग्री घेऊन परतले. पुढे संस्था दिल्लीला हलली. चीनविषयक धोरणावरून नेहरूंशी मतभेद झाल्याने त्यांनी काँग्रेस सोडली आणि ते जनसंघाचे अध्यक्ष झाले. १९६३ मध्ये राममनोहर लोहिया यांच्या फर्रुखाबाद पोटनिवडणुकीच्या प्रचाराला जाताना १४ मे रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. साठी पूर्ण होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. त्यांचे प्राच्यविद्येचे काम पुत्र लोकेशचंद्र यांनी पुढे नेले.

परिभाषेचे काम तोपर्यंत सरकारी यंत्रणेकडे गेले होते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि भाषा संचालनालयाने मराठीसाठी स्वतंत्र परिभाषा कोशांचे काम हाती घेतले. १९६१ मध्ये केंद्राने शास्त्रीय परिभाषेचा आयोग नेमला आणि आंतरराष्ट्रीय संज्ञा शक्यतो तशाच ठेवण्याचे धोरण स्वीकारले. रघुवीरांचा संस्कृतनिष्ठ आग्रह मागे पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके आली, तेव्हा त्यांत बहुतेक संज्ञा इंग्रजीच होत्या, फक्त नागरी लिपीत लिहिलेल्या. जिथे रघुवीरांना सर्व काही संस्कृतातून घडवायचे होते, तिथे सात दशकांनी जवळजवळ काहीच न घडवण्याचा निर्णय झाला होता.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत एक भंडाऱ्याचे आहे. तिथला विद्यार्थी ‘स्टर्नम’ शिकतो. साकोली किंवा लाखनीच्या गावातून आलेला रुग्ण मात्र आपल्या उरात कळ येते असे सांगतो. या दोघांमध्ये एक शब्द हवा असतो. तो किती संस्कृत असावा आणि किती बोलीतला, यावर रघुवीरांशी वाद घालता येतो. पण तो असायलाच हवा, हे त्यांनी इतरांआधी ओळखले आणि त्यासाठी आयुष्य वेचले.