सर्गेई विनोग्राद्स्की

पिंपरी, चिंचवड, चाकण या उद्योगनगरांतील घरांतून काचेच्या हौदात मासे पाळण्याची हौस आता पुष्कळांना जडली आहे. कोणी हौशी मनुष्य गोड्या पाण्यातील पाकटही पाळतो. थाळीसारखा चपटा असा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा रहिवासी. तो तळाच्या वाळूवर पसरून राहतो आणि खातोही भरपूर. पण हौद नवा, पाणी स्फटिकासारखे निर्मळ, आणि तरीही त्यात सोडलेला मासा थोड्याच दिवसांत गतप्राण झाला, असे अनेकदा घडते. निर्मळ दिसणारे पाणी असे जीवघेणे का ठरावे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास ज्याच्या संशोधनाने मोठे साहाय्य झाले, तो शास्त्रज्ञ म्हणजे सर्गेई विनोग्राद्स्की.

त्याचा जन्म १ सप्टेंबर १८५६ रोजी कीव्ह या शहरी झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनची राजधानी आहे. घरी संपत्तीला तोटा नव्हता. पण कोणता मार्ग धरावा, हे मात्र सर्गेईला लवकर उमगले नाही. प्रथम त्याने कायद्याचा अभ्यास आरंभिला; त्यात मन रमेना, म्हणून तो निसर्गविज्ञानाकडे वळला. तेही सोडून १८७५ मध्ये तो पियानो शिकण्यासाठी सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. परंतु केवळ संगीतानेही त्याचे समाधान होईना. अखेर १८७७ मध्ये त्याने तेथील विद्यापीठात पुन्हा विज्ञानाची कास धरली, ती कायमची.

१८८५ मध्ये तो स्ट्रासबर्ग येथे डी बारी या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला. गंधकयुक्त पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचे निरीक्षण करताना त्याला एक नवल आढळले. हे जंतू दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइडवर प्राणवायूची क्रिया घडवून आणीत आणि त्यातूनच जगण्याची शक्ती मिळवीत. खनिज पदार्थांपासून शक्ती मिळवणारे सजीव असतात, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती.

१८८८ मध्ये डी बारी निवर्तला आणि विनोग्राद्स्की झुरिक येथे आला. त्या वेळी एक प्रश्न शास्त्रज्ञांना छळीत होता. शेतात शेणखत पडले, म्हणजे त्यातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते आणि ते पिकांना पोसते. हे काम सूक्ष्मजंतू करतात, असे श्लेझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवले होते. पण ते जंतू कोणते? जिलेटिनवर जंतू वाढवण्याची त्या काळची रूढ पद्धत येथे निष्फळ ठरत होती. इतर जंतू बेसुमार वाढत. हवे ते मात्र हाती लागत नसत.

विनोग्राद्स्कीने वेगळा विचार केला. हे जंतू खनिजांवर जगत असतील, तर त्यांना जिलेटिनची मेजवानी कशाला? त्याने झुरिकच्या सरोवराचे पाणी घेतले आणि त्यात अमोनियाचा एक क्षार व मोजकी खनिजे घातली. सेंद्रिय अन्न मुळीच घातले नाही. इतर जंतूंची त्यात उपासमार झाली आणि हवे असलेले जंतू वाढू लागले. १८९० मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे काम दोन टप्प्यांनी होते, हेही त्याने सिद्ध केले. एका प्रकारचे जंतू अमोनियाचे नायट्राइट बनवतात आणि दुसऱ्या प्रकारचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवतात.

१८९१ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला परतला. तेथे त्याने हवेतील नत्र बांधून ठेवणारा जंतूही शोधून काढला. पुढे १९०५ मध्ये तो निवृत्त होऊन आपल्या जमीनदारीवर राहू लागला. पण दैव फिरले. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर त्याला घरदार सोडून मायदेशाबाहेर पडावे लागले. वैभव गेले, विद्या मात्र उरली. बेलग्रेड येथे त्याने काही काळ अध्यापन केले. १९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने त्याला बोलावून घेतले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याने पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या गावी पुन्हा मातीचा अभ्यास सुरू केला. १९४९ मध्ये त्याचा मृत्तिकाजंतूंवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्याच गावी त्याचे देहावसान झाले.

त्याचे चरित्र लिहिले ते सेल्मन वॅक्समन या शास्त्रज्ञाने. त्याच्याच प्रयोगशाळेत १९४३ मध्ये मातीतील जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध मिळाले. पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात हे औषधही पुढे तयार होऊ लागले.

विनोग्राद्स्कीच्या शोधातून नव्या हौदाचे कोडेही उलगडते. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला विषासारखा बाधतो. नायट्राइटही तसेच घातक. हे दोन्ही पचवणारे जंतू गाळणीत व वाळूत वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून जाणकार मनुष्य आधी माशाशिवायच पाण्यात थोडा थोडा अमोनिया घालून जंतू वाढवतो आणि पाण्याची वारंवार परीक्षा करतो. घातलेला अमोनिया लवकर नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही उरले नाही, म्हणजेच तो पाकट आणतो. उरलेले नायट्रेट फार वाढू नये म्हणून तो नियमाने थोडे थोडे पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतूंना मारतो, म्हणून तो आधी काढून टाकतो.

या कामी आणखीही सूक्ष्मजीव हातभार लावतात, असे पुढील संशोधकांना आढळले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जंतूही २०१५ मध्ये उजेडात आला. तरीही विनोग्राद्स्कीने दाखवलेली वाट खोटी ठरली नाही. ज्याचा शोध घ्यावयाचा, त्याचे जगणे कसे असेल हे प्रथम ओळखावे आणि मग धीराने वाट पाहावी, हीच त्याची रीत होती. शेतात, नदीत आणि काचेच्या हौदात त्याचे हे इवलेसे कामकरी आजही मुकाट्याने राबत आहेत.