चिंचोके, शिंपले आणि आकडे : ताराबाई मोडकांनी शाळा अंगणात का नेली?

चार वर्षांचं मूल वीसपर्यंत आकडे धडाधड म्हणून दाखवतं. घरचे खूश होतात. त्याच मुलाला चिंचोक्यांच्या ढिगातून पाच चिंचोके आणायला सांगितले, तर ते मूठभर उचलून आणतं. मग त्याला आकडे येतात की नाही?

उलटही घडतं. शाळेची पायरी न चढलेलं मूल चार भावंडांना बोरं अगदी सारखी वाटून देतं. त्याला पाढा येत नाही, पण वाटणी कळते.

पाठांतर आणि समज यांतला हा फरक मूल खेळत असताना दिसतो. तो दिसावा म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

कोण होत्या ताराबाई?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे विचार होते, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी आली नाही. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाही. त्या काळात लहान मुलीला घेऊन वेगळं होणं सोपं नव्हतं. ताराबाईंनी नोकरी धरली आणि राजकोटमध्ये महिला अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून काम केलं.

त्या वेळी भावनगरला गिजुभाई बधेका मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर बालमंदिर चालवत होते. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मारणं नाही, ओरडणं नाही, बक्षिसाचं आमिष नाही. शिक्षकाने आधी मुलाकडे नीट पाहायचं, मग शिकवायचं, हा या कामाचा पाया होता.

अडचण कुठे आली?

माँटेसरी पद्धतीत गणित हातात येतं. उदाहरणार्थ, १० लाकडी दांड्या असतात. पहिली १० सेंटीमीटरची, शेवटची एक मीटरची. मूल त्या उचलतं, लांबीनुसार लावतं. तीन हा आकडा एकापेक्षा किती मोठा, हे त्याच्या हातांना कळतं.

पण ही साधनं मापात बनवावी लागतात आणि महाग पडतात. ताराबाईंनी पुढे मुंबईत दादरला शिशुविहारमध्ये काम केलं. तिथे येणारी मुलं शहरातली होती. खेड्यातल्या, मजुरी करणाऱ्या घरांतल्या मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचणार कसं, हा प्रश्न शिल्लक होता.

बोर्डीत काय झालं?

उत्तर शोधण्यासाठी १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. हे दोघींचं काम पुढे आयुष्यभराचं ठरलं.

बालवाडी उघडली म्हणून मुलं आपोआप आली नाहीत. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं, कुणाला गुरांमागे जायचं होतं. जातीची भिंतही होती. मग मुलांची वाट पाहण्याऐवजी शिक्षिकाच वाड्यावस्त्यांवर जाऊ लागल्या. अंगण झाडायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, गाणी म्हणायची, खेळ घ्यायचे. यातूनच अंगणवाडी ही कल्पना उभी राहिली.

साधनंही बदलली. विकतच्या मण्यांची आणि दांड्यांची जागा शिंपले, खडे, बिया, पानं आणि काटक्यांनी घेतली. समुद्रकाठच्या आणि झाडाझुडपांच्या गावात हे सगळं फुकट होतं.

खेळात गणित नेमकं कुठे असतं?

मूल शिंपले आधी लहान, मग मोठे असे लावतं, तेव्हा ते क्रम लावत असतं. वडाची पानं एकीकडे आणि आंब्याची दुसरीकडे ठेवतं, तेव्हा वर्गीकरण करतं. प्रत्येक सवंगड्यासमोर एकेक पान मांडतं, तेव्हा एकास एक जोडी लावतं. मोजणीचा पाया हाच आहे. सागरगोट्यांमध्ये आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन गोटे उचलायचे असतात. गट पाडणं यातूनच कळतं.

चूकही इथेच उघडी पडते. सहा खड्यांची ओळ मुलासमोर जरा लांब पसरली, तर चार-पाच वर्षांची अनेक मुलं खडे वाढले असं मानतात. साधारण त्याच काळात जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांचा हाच गोंधळ तपासत होते. संख्येच्या आकलनावरचं त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. अशा मुलाला ढ ठरवून उपयोग नसतो. त्याची समज कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्या चुकीतूनच कळतं.

पाटीवर ही गोष्ट सहज झाकली जाते. पाटीवर ६ काढलेला असला की मुलाला सहा कळतात, असं आपण धरून चालतो.

कुरणशाळा म्हणजे काय?

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली आणि इतर आदिवासींचे पाडे होते. तिथली मुलं दिवसभर गुरं चारत. त्यांच्यासाठी शाळा कुरणात भरू लागली. गुरं चरत असताना मुलं झाडाखाली शिकत.

गुराखी मूल गणितात कोरं नसतं. संध्याकाळी एक जनावर कमी असेल, तर ते त्याच्या ध्यानात येतं. अशा मुलाच्या रोजच्या जगात शिरून शिकवायला सुरुवात केली, तर त्याला आधीपासून काय येतं हे शिक्षकाला दिसतं.

धाकट्या भावंडांमुळे अडकलेल्या मुलींचाही विचार झाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी ही रचना विकासवाडी म्हणून ओळखली गेली.

आज त्याचं काय?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचाही भर तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावं यावर आहे.

नाव देशभर पोहोचलं, पण त्यातलं अंगण अनेक ठिकाणी हरवलं. एका खोलीत बसून आकडे घोकणाऱ्या मुलांकडे पाहून त्यांना किती कळलंय हे ओळखणं अवघड असतं.

घरी मात्र पडताळणी सोपी आहे. मुलाला आकडे म्हणून दाखवायला सांगू नका. बागेत नेऊन पाच पानं आणायला सांगा किंवा खेळायला आलेल्यांना खाऊ सारखा वाटायला द्या. मध्ये बोलू नका. ते काय करतं, एवढंच पाहा.